नातवाच्या वाट्याचे तेल

‘पाण्याच्या मोलाने’ असा एक शब्दप्रयोग आपल्या भाषेत आहे. एखादी वस्तू फार स्वस्तात मिळाली म्हणजे आपण तो करतो. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशात पेट्रोलच्या बाबतीत तो केला असता तर मात्र पाण्यावर अन्याय झाला असता. कारण तेथे पाण्याची बाटली पेट्रोलहून कितीतरी महाग होती. २०१६ सालच्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ वीस वर्षे तेथे उत्तम प्रतीच्या पेट्रोलला लिटरमागे एका बोलिव्हारचा दहावा हिस्साही पडत नव्हता. मोटारीची टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यावी आणि पंपावरच्या पोऱ्याच्या हातावर पेट्रोलच्या किमतीहून अधिक बक्षिसी ठेवावी, असा प्रकार सर्रास चाले.

फराळाचे ताट पुढे असताना हा पेट्रोलचा वास कशाला, असे कोणी म्हणेल. पण मला ज्या प्रश्नाशी वाचकांना न्यायचे आहे तो तेलाचा कमी आणि घराचा अधिक आहे. आणि घरातली लहानथोर माणसे एकत्र बसण्याचे दिवस ते हेच. प्रश्न असा की, जी मिळकत आपण कमावलेली नाही, केवळ आपल्या पायांखाली सापडली आहे, ती उडवण्याचा अधिकार कोणाचा?

स्वस्त पेट्रोल मागणाऱ्या माणसाला मूर्ख ठरवणे फार सोपे आहे, आणि अर्थशास्त्रातले पंडित ते काम मोठ्या हौसेने करतात. परंतु त्याच्या मागणीत एक जुनी, आपल्या ओळखीची नीती आहे. कोल्हापूर-सांगलीकडे गुऱ्हाळ लागले की वाटसरूलाही रस पाजल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत. मग घरच्या पोरांकडून गुळाचा बाजारभाव वसूल करायचा काय? जमीन आमची, समुद्र आमचा, त्यातले तेल आमचे. आणि ते आम्हांलाच परक्या बाजारच्या भावाने विकायचे, हा कुठला न्याय? तेलवाल्या देशांतला सामान्य माणूस हेच विचारतो. ऐकणाऱ्याला ते पटतेही.

ह्या म्हणण्यात खोट एकच आहे, पण ती मोठी आहे. ऊस तोडला की त्याच्या बुडख्यातून पुन्हा फुटवा येतो आणि खोडव्याचे पीक हाती लागते. तेलाला खोडवा नाही. कोट्यवधी वर्षांत खडकाच्या पोटात जे साचले ते एकदा काढले की संपले. तेव्हा तेलाचा पैसा ही कमाई म्हणता येत नाही. तो तळघरात सापडलेला मोहरांचा हंडा आहे. रोज एक मोहोर काढून पक्वान्ने खाणाऱ्या गृहस्थाला कोणी कर्तबगार म्हणत नाही. पण राष्ट्राच्या जमाखर्चात हीच मोहोर खुशाल जमेच्या बाजूस लिहिली जाते आणि पुढचा सगळा घोटाळा तेथून सुरू होतो. शिवाय स्वस्ताईचा खर्च डोळ्यांना दिसत नाही. जे लिटर परदेशी विकून पैसे आले असते ते घरी जवळजवळ फुकट जाळले, तर न आलेल्या त्या पैशांची नोंद कोणत्या वहीत करायची?

वडिलार्जित मिळकतीचा हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने हाताळला आहे. चालुक्यांच्या कल्याणी नगरीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, त्याला नऊशे वर्षांच्या आसपास झाली. तिच्या मते वडिलार्जित मिळकतीत मुलाचा आणि नातवाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो. बाप जिवंत आहे म्हणून तो थांबून राहत नाही. घराचा कर्ता हा व्यवस्था पाहणारा. त्याला जमीन विकता येते, पण ती आपत्काळी, कुटुंबाच्या पोषणासाठी किंवा धर्मकार्यासाठी. लहर लागली म्हणून नव्हे. बंगालात जीमूतवाहनाने ‘दायभागा’त निराळा पक्ष घेतला. बाप हयात आहे तोवर मालक तोच, मुलाचा हक्क त्याच्या मागून. (ह्या सगळ्या चर्चेत नातीचा विसर पडला होता. तो दोष महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली कायदा करून दुरुस्त केला. म्हणून पुढे मी नातू म्हणेन तेथे वाचकांनी नातही धरावी.)

मला वाटते, जगातले तेलवाले देश कळत नकळत ह्या दोन पंथांत वाटले गेले आहेत.

मिताक्षरेच्या पंथाचा सर्वांत कडवा अनुयायी विज्ञानेश्वराचे नाव कधीही न ऐकलेला निघाला, ही मौज आहे. नॉर्वे हा मासेमारीवर आणि जहाजांवर जगलेला थंड देश. १९६८ साली फारूक अल-कासिम नावाचे एक इराकी भूगर्भशास्त्रज्ञ मुलाच्या उपचारांसाठी आपल्या नॉर्वेजियन पत्नीसह बसऱ्याहून तेथे राहावयास गेले. आगगाडीला अवकाश होता म्हणून ते ओस्लोच्या उद्योग मंत्रालयात सहज डोकावले आणि नोकरी घेऊन बाहेर पडले. कारण तेलातले कळणारे माणूस त्या मंत्रालयाला हवेच होते. १९६९ च्या नाताळच्या तोंडावर एकोफिस्क येथे समुद्राखाली प्रचंड साठा सापडला. ज्या माणसाने आपल्या मायभूमीत परक्या कंपन्यांचा कारभार आतून पाहिला होता, त्याने नॉर्वेला तेलाची व्यवस्था बसवून देण्यास हात लावला. असल्या योगायोगांनी देशांची दैवे ठरतात.

पुढे १९९० साली नॉर्वेने तेलाच्या पैशासाठी वेगळा निधी करण्याचा कायदा केला. सहा वर्षे ही पेटी रिकामीच होती. पहिली रक्कम तिच्यात पडली ती १९९६ साली. हा पैसा देशात गुंतवायचा नाही, बाहेरच्या देशांतच गुंतवायचा, असा नियम आहे. कारण घरात एकदम पैसा ओतला की घरची माणसे काम सोडतात आणि भाव मात्र चढतात. २००१ साली ठरले की दर वर्षी निधीच्या चार टक्क्यांच्या आसपासच खर्चास काढायचे. निधीतून सरासरीने तेवढे उत्पन्न यावे असा अंदाज होता. २०१७ मध्ये तो अंदाज तीन टक्क्यांवर आणला. म्हणजे मुद्दल नातवाचे, व्याज आपले. आज ह्या निधीत दोन लाख कोटी डॉलरच्या आसपास रक्कम आहे, आणि देशाची वस्ती पंचावन्न-छप्पन लाख! जगभरच्या शेअरबाजारांतल्या कंपन्यांचा सुमारे दीड टक्का हिस्सा ह्या एका घराचा आहे. आणि इतके असून नॉर्वेच्या पंपावर पेट्रोलचा भाव जगातल्या चढ्या भावांपैकी असतो. गुऱ्हाळवाल्याची पोरे भरबाजारात गूळ विकत घेतात, वर त्यावर कर भरतात, आणि तक्रार करायची तर जेवणाच्या टेबलावर करतात.

आता दुसरे घर. व्हेनेझुएलाला शहाणपण सांगणारे कोणी नव्हते असे मात्र नाही. १९२२ च्या डिसेंबरात मराकायबो सरोवराकाठी काबिमास येथे एक विहीर फुटली आणि दिवसाला एक लाख पिंपांच्या हिशोबाने तेल आभाळात उडाले. त्यानंतर चौदाच वर्षांनी, १९३६ साली, आर्तुरो उस्लार पिएत्री ह्या तरुण लेखकाने वर्तमानपत्रात लेख लिहून देशाला बजावले की हे तेल पेरा. त्याच्या पैशातून शेती, उद्योग उभे करा. नाही तर आपण तेलाचे बांडगूळ होऊन बसू. ज्यांनी १९६० साली बगदादेत तेल विकणाऱ्या देशांची ‘ओपेक’ ही संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला ते पेरेझ आल्फोन्सो व्हेनेझुएलाचेच तेलमंत्री. उतारवयात हे गृहस्थ तेलाला सैतानाची विष्ठा म्हणू लागले. त्यांच्या बागेत एक जुनी सिंगर मोटार गंजत पडलेली असे. इंजिनात तेल नसताना चालवल्यामुळे ती निकामी झाली होती, आणि त्यांनी ती मुद्दाम तशीच ठेवली होती. भेटीस येणाऱ्यांना ती दाखवताना त्यांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

१९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले. कार्लोस आन्द्रेस पेरेझ हे तेव्हा राष्ट्राध्यक्ष झाले, आणि घरात लग्न निघाल्यासारखा खर्च सुरू झाला. असतील शिते तर जमतील भुते, ह्या न्यायाने सावकारही जमले. तेल तारण धरून कर्जे मिळाली. पुढे भाव कोसळले. १९८९ च्या फेब्रुवारीत तेच पेरेझ दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा तिजोरी रिकामी होती. महिना पुरा व्हायच्या आत त्यांनी पेट्रोलचा भाव वाढवला. २७ फेब्रुवारीच्या सकाळी काराकासजवळच्या ग्वारेनास गावी कामावर निघालेली माणसे मोटारथांब्यावर आली, तो बसचे भाडे एकाएकी चढलेले. दगड उडाले, बसगाड्या पेटल्या, दुकाने लुटली गेली. लष्कर रस्त्यांवर आले. सरकारी आकड्याप्रमाणेच मेलेल्यांची संख्या तीनशेच्या घरात जाते. प्रत्यक्षात ती पुष्कळ अधिक असावी असे मानणारे बरेच आहेत.

येथे ज्यांनी दगड उचलले त्यांच्यापैकी बहुतेकांकडे मोटार नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वस्त पेट्रोलाचा मलिदा खाणारे वेगळेच होते. नाणेनिधीच्या अभ्यासकांनी विकसनशील देशांचा हिशोब करून दाखवले आहे की, इंधनावरच्या सरकारी सवलतीपैकी वरच्या एक-पंचमांश लोकांना जेवढा वाटा मिळतो तो खालच्या एक-पंचमांश लोकांच्या सुमारे सहापट असतो. ज्याच्या दारी दोन मोटारी त्याला दोन टाक्या, ज्याच्या पायांत फाटकी चप्पल त्याला बसच्या तिकिटापुरती सवलत. आणि सरहद्दीवर तर विचारूच नका. कोलंबियाच्या बाजूला कुकुता शहराच्या रस्त्यांवर व्हेनेझुएलाचे चोरटे पेट्रोल डबे मांडून विकत. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण आपण ऐकली आहे. येथे आयजी अजून जन्मालाच यायची होती.

मग हा फाटक्या चपलेचा माणूस त्या सवलतीसाठी जीव का देतो? त्याला हिशोब कळत नाही म्हणून? मला तसे वाटत नाही. त्याला एक हिशोब पक्का कळतो: वरच्यांनी वाचवलेला पैसा आपल्यापर्यंत कधी आलेला नाही. पंपावरचा स्वस्त भाव हीच देशाच्या संपत्तीतली त्याच्या हाती प्रत्यक्ष पडणारी एकमेव पावती. ती परत मागून ‘तुझ्या नातवासाठी ठेवतो’ असे सांगणाऱ्यावर त्याने कशाच्या जोरावर विश्वास ठेवावा?

नायजेरियाचे उदाहरण घ्या. १९५६ साली ओलोइबिरी येथे तेल सापडलेला हा देश. परंतु सरकारी शुद्धीकरण कारखाने नादुरुस्त राहिल्याने वर्षानुवर्षे पेट्रोल बाहेरून आणून सवलतीने विकत असे. २०१२ च्या वर्षप्रतिपदेला, एक जानेवारीला, सरकारने सवलत काढली आणि लिटरचा भाव पासष्ट नायरांवरून दुपटीहून वर गेला. देशभर हरताळ पडला. पंधरा दिवसांत सरकारला तो सत्त्याण्णव नायरांवर उतरवावा लागला. लोकांच्या संतापामुळे संसदेच्या समितीने सवलतीच्या पैशाची चौकशी केली, तेव्हा कधी आणलेच नव्हते अशा पेट्रोलापोटी व्यापाऱ्यांनी अब्जावधी डॉलर उचलल्याचे उघड झाले. हे वाचून ज्याला बरे वाटले असेल त्याने पुढचेही वाचावे. त्याच चौकशीत लाच घेतल्याबद्दल त्या समितीच्या अध्यक्षालाच २०२१ साली न्यायालयाने दोषी ठरवले! अशा घरात कर्ता म्हणतो, पोरांनो, दूध कमी प्या, मी ते साठवणार आहे. पोरे ताट आपटतात. २०२३ च्या मे महिन्यात नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्या भाषणातच सवलत संपल्याचे जाहीर केले आणि भाव काही दिवसांतच दुपटीच्या पलीकडे गेला. त्या घरातल्या आईने कोणत्या मुखाने नातवाचा विचार करायचा?

इराणने एकदा ह्यावर तोड काढून पाहिली होती. १९ डिसेंबर २०१० रोजी तेथे शिधापत्रकावरच्या पेट्रोलचा भाव लिटरला एक हजार रियालवरून चार हजारांवर नेला. इतकी वाढ, आणि मोठा दंगा नाही. कारण असे की, भाव वाढवण्यापूर्वीच सरकारने घरोघरच्या कर्त्याच्या नावे बँकेत पैसे भरले होते. माणशी महिना चार लाख पंचावन्न हजार रियाल, म्हणजे तेव्हाचे सुमारे पंचेचाळीस डॉलर. खात्यात रक्कम दिसत होती, पण भाव वाढेपर्यंत ती काढता येत नव्हती. पाच माणसांच्या गरीब घराला, ज्याच्याकडे मोटार नाही, हा सौदा फायद्याचा होता. ह्यात मला एक न्याय दिसतो. हिस्सा द्यायचा तर माणसाच्या हाती द्यावा, मोटारीच्या टाकीत ओतू नये. पण पुढे काय झाले? महागाई वाढत गेली, रियाल घसरत गेला, आणि हप्त्याचा आकडा जागच्या जागी राहिला. दहा वर्षांच्या आत पंचेचाळीस डॉलरचे चार-पाच डॉलर उरले. १५ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री सरकारने भाव पुन्हा वाढवले. ह्या खेपेस वाढ आधी आली आणि पैशांचे वचन मागून. लोक रस्त्यांवर उतरले, आठवडाभर देशातले इंटरनेट तोडण्यात आले, आणि गोळीबारात शेकडो माणसे मेली. आधी पैसे आणि मग भाव, की आधी भाव आणि मग पैसे, एवढ्या क्रमाने राज्यकर्त्याची पत ठरते.

नातवाची बाजू घेणाऱ्यांनाही एक अवघड प्रश्न चुकत नाही. नॉर्वेच्या आज्याला नातवाची काळजी करणे परवडले, कारण तो स्वतः उपाशी नव्हता. तेल सापडले तेव्हा तेथे शाळा होत्या, दवाखाने होते, आणि सरकारी वही कोणी उघडून पाहिली तर लपवण्यासारखे त्यात फारसे नव्हते. पण ज्या देशात आजचे मूल तापाने मरते आहे तेथे त्याच्या औषधाचा पैसा न जन्मलेल्या मुलासाठी पेटीत टाकणे हा काय धर्म झाला? विज्ञानेश्वराची आज्ञा येथे मला फार मोलाची वाटते. आपत्काळी आणि कुटुंबाच्या पोषणासाठी कर्त्याला मुद्दलाला हात घालण्याची मोकळीक आहे. शाळा, औषध, पाणी ह्यांवर केलेला खर्च नातवापर्यंतही पोचतो. शिकलेल्या आईचे मूल वेगळे वाढते. फक्त जाळलेले पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचतो तो धूर, आणि तो नॉर्वेने दुसऱ्यांना विकलेल्या तेलाचाही पोचतो. आपला मुद्दल राखून दुसऱ्याच्या नातवाला धूर देणाऱ्या ह्या सज्जन घराचे कौतुक करताना माझी जीभ जराशी अडखळते. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र वर येईल तेव्हा त्या निधीतून आपल्याकडे कोणी मनिऑर्डर धाडणार नाही.

हंड्यात नातवाचा वाटा मोजणारे घर नातू कोणाला म्हणते, हेही पाहण्यासारखे आहे. तेलाचा पैसा बाजूला टाकण्याचा पहिला उपक्रम कुवेतचा. १९५३ साली, देश अजून ब्रिटिशांच्या छत्राखाली असता, त्यासाठी लंडनमध्ये मंडळ नेमले गेले. त्या काळी कुवेतच्या बाजारात चलन होते ते आपलेच रुपये. १९७६ पासून तर उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांच्या नावे काढण्याचा कायदा झाला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या. घर गेले, राज्य गेले, पण परदेशी ठेवलेला हा पैसा उरला आणि त्यावर परागंदा कुवेती माणसांचे सात महिने निघाले. पुढच्या पिढीसाठी ठेवलेले असे ह्याच पिढीच्या कामी आले. त्याच दिवसांत तेथून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानांनी मायदेशी आणले गेले. त्यांत आपल्याकडचीही माणसे होती. कोणी विहिरींवर राबलेले, कोणी दुकानांत, कोणी इस्पितळांत. निधीत त्यांचा वाटा नव्हता, आणि तो मागावा असे त्यांच्याही मनात आले नसेल. न जन्मलेल्या कुवेती बालकाचा हक्क त्या पेटीत होता, वीस वर्षे घाम गाळलेल्या परक्याचा नव्हता. रक्ताच्या नात्याने वाटणी करायची म्हटले की असेच व्हायचे. २०२० मध्ये, तेलाचे भाव पडलेले असताना, कुवेतच्या संसदेने हा दहावा हिस्सा तुटीच्या वर्षी न काढण्याची मुभा दिली. पंपावरचा स्वस्त भाव मात्र राहिला.

व्हेनेझुएलात १९८९ नंतर आलेल्या राज्यकर्त्यांनी, ते कोणत्याही रंगाचे असोत, त्या सकाळचा धसका घेतला. ह्यूगो चावेझ ह्यांनी आपल्या चौदा वर्षांत पेट्रोलच्या भावाला हात लावला नाही. तेलाच्या सरकारी कंपनीची रया गेली, उत्पादन घसरले, मग अमेरिकेचे निर्बंध आले, आणि जगातला सर्वांत मोठा ज्ञात तेलसाठा ज्याच्या पोटात आहे त्या देशात पेट्रोलचा थेंब मिळेना. २०२० च्या मे महिन्यात इराणहून पाच जहाजे पेट्रोल घेऊन तेथे आली. १ जूनपासून नवे भाव लागू झाले: महिन्याला एकशेवीस लिटरपर्यंत सवलतीचे, आणि ठरावीक पंपांवर लिटरला अर्धा डॉलर, तोही डॉलरांतच. १९८९ च्या त्या सकाळी ग्वारेनासच्या थांब्यावर आईच्या कडेवर असलेले मूल तेव्हा बत्तिशीच्या उंबरठ्यावर होते. अर्ध्या डॉलरच्या रांगेत नंबर लवकर येई. सवलतीच्या रांगेत माणसे रात्रभर गाडीतच झोपत, आणि पुढची गाडी हलली की उतरून आपली ढकलत, कारण इंजिन चालू केले तर टाकीतले उरलेसुरले संपले असते.